भिंतीला ओल आलीय? अर्ज कोणाकडे, कागद कुठले (ठाणे-नवी मुंबई)

जून लागला की सोसायटीच्या ग्रुपवर भिंतींचे फोटो सुरू, पोपडे, लोणा, काळी बुरशी, आणि खाली एकच प्रश्न, कम्प्लेंट कुठे करायची? मी ऐरोलीत तीन वर्षं सेक्रेटरी होतो, तेव्हा बघितलंय, निम्मे अर्ज चुकीच्या माणसाकडे जातात कारण पाणी येतंय कुठून हेच कोणी बघत नाही.

म्हणून आधी फॉइलची टेस्ट. पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइल हातभर कापा, ओल्या जागेवर चारी बाजूंनी टेप मारून दोन दिवस चिकटवून ठेवा. पाणी खोलीकडच्या बाजूला जमलं तर ती घरातलीच दमट हवा, भिंतीकडच्या बाजूला जमलं तर पाणी आतून झिरपतंय. दमट हवेचं नेहमीचं ठिकाण म्हणजे रात्रभर एसी चालतो त्या बेडरूमची पलीकडची भिंत, ती गार पडते आणि बाहेरची हवा तिच्यावर घाम सोडते, त्यात पावसाचे कपडे घरातच दोरीवर. यासाठी अर्ज-बिर्ज काही नाही, पालिकेचा कोणी माणूस व्हेंटिलेशन तपासायला घरात येत नाही, प्लॅन मंजूर होताना काय बघतात तेवढंच. नॅशनल बिल्डिंग कोड आपल्यासारख्या उष्ण-दमट हवेसाठी खिडक्यांची जागा खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश धरतो, पण आपण काय करतो, बाथरूमच्या काचपट्ट्या काढून ॲक्रेलिक शीट ठोकतो आणि बाहेरच्या भिंतीला चिकटून कपाट. शीट काढा, एक्झॉस्ट लावा, कपाट चार बोटं पुढे घ्या.

पाणी वरच्या बाथरूममधून येत असेल तर मामला सोसायटीचा. अर्ज मेंबरने म्हणजे फ्लॅटच्या मालकाने करायचा, भाडेकरू असाल तर मालकाकडून पत्र घ्या नाहीतर कमिटी हात झटकते. सोबत शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स, चालू मेंटेनन्सचं बिल, तारखेसकट फोटो आणि जमलं तर प्लंबरचं सहीचं पत्र. दोन प्रती काढा, एकीवर सोसायटीचा शिक्का आणि तारीख घ्याच, व्हॉट्सॲपवर टाकलेलं पुढे कोणी मोजत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायट्यांच्या कारभाराचे ठरलेले नियम) गळतीची तक्रार आली की सेक्रेटरी आधी कळवून वरचा फ्लॅट तपासू शकतो आणि कमिटीला रिपोर्ट देतो, त्यामुळे "माझ्या घरात यायचं नाही" हे वरच्यांचं म्हणणं टिकत नाही. तपासताना नहाणी ट्रॅपला (बाथरूमचं पाणी जातं त्या जमिनीतल्या तोंडाला) बूच मारून रंग टाकलेलं पाणी दिवसभर भरून ठेवायला सांगा, खाली रंग उतरला की वाद तिथेच संपतो (आमच्याकडे एकदा गुलाल टाकलेला, गणपतीतला उरलेला).

खर्चाचं म्हणाल तर गच्ची, बाहेरची भिंत, कॉमन पाइप आणि ड्रेनेज लाइन यातून गळत असेल तर सोसायटीचा, फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूममधून असेल तर त्या मेंबरचा. नोटिशीनंतरही वरचे ऐकत नसतील तर लोक आधी उपनिबंधकाकडे (सहकार खात्याचा अधिकारी) धावतात, पण गळती आणि दुरुस्तीचे वाद सहकार न्यायालयात जातात, सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम ९१. तिथे तुमची शिक्क्याची प्रतच कामाला येते.

आता बिल्डिंग जुनी असेल, म्हणजे वाशीतल्या सिडकोच्या किंवा नौपाड्यातल्या, आणि सळया दिसायला लागल्या असतील तर विषय नुसत्या ओलीचा राहत नाही. पाणी सळईपर्यंत गेलं की ती गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. बिल्डिंगला ३० वर्षं झाली की महापालिका अधिनियमाच्या कलम २६५(अ) प्रमाणे पालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून ऑडिट करून सर्टिफिकेट पालिकेला द्यावंच लागतं, नाही दिलं तर २५ हजार किंवा वर्षाच्या मालमत्ता कराएवढी रक्कम, यातलं जे जास्त तो दंड. इंजिनीअर मंजूर प्लॅन, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आणि आधीच्या दुरुस्त्यांची बिलं मागतो, मालमत्ता कराची पावतीही जवळ ठेवा. रिपोर्टवरून बिल्डिंगचा वर्ग ठरतो, सी-१ म्हणजे लगेच रिकामी करा, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे राहता राहता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. उपविधींत तर १५ वर्षांपासूनच दर ५ वर्षांनी ऑडिट सांगितलंय आणि ३० नंतर दर ३ वर्षांनी, पण वर्गणीचा विषय निघाला की मीटिंगला कोरम होत नाही हे वेगळं सांगायला नको.

घोडबंदर किंवा उलव्याकडे नवीन टॉवरमध्ये असाल आणि पझेशनला ५ वर्षं झाली नसतील तर स्वतः वॉटरप्रूफिंगला पैसे घालू नका. रेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा स्थावर मालमत्ता कायदा) कायद्याच्या कलम १४(३) खाली बांधकामातला दोष तुम्ही कळवल्यापासून ३० दिवसांत बिल्डरने फुकट दुरुस्त करायचा असतो. लेखी कळवा, सोबत करारनामा, पझेशन लेटर आणि फोटो, आणि नाही केलं तर महारेराच्या साइटवर तक्रार.

अर्ज पावसातच द्या, पाणी दिसतंय तोवर, तपासणीही तेव्हाच करून घ्या. पुट्टी आणि रंगाचं काम मात्र दिवाळीनंतर, भिंत पूर्ण सुकल्यावर, कॉन्ट्रॅक्टर ऑगस्टमध्येच करून देतो म्हणाला तरी.