अॅम्प्लिफायरची लोड टेस्ट

नवीन घेतलेला, दुरुस्त होऊन आलेला किंवा सहा महिने गोदामात पडून राहिलेला अॅम्प्लिफायर सुपारीवर, म्हणजे ठरलेल्या कार्यक्रमाला, पाठवायच्या आधी मुद्दाम जड लोडवर, दणदणीत गाण्यांवर तासन्‌तास चालवून बघणं म्हणजे लोड टेस्ट. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात साऊंडवाल्यांचे दोन मोठे सीझन असतात, एक वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि दुसरा भाद्रपदातला गणपती. पहिल्यात उकाडा मशीनचा जीव काढतो, दुसऱ्यात झिमझिम पाऊस आणि ओल, आणि दोन्हीकडे मशीन रात्रभर ट्रॉलीवर, जनरेटरवर चालत असतं. त्यामुळं दुकानात पाच मिनिटं गाणं लावून "चांगला वाजतोय की" म्हणत उचलून आणणं, ही टेस्ट नव्हे.

फुल आवाजालाच मशीन सगळ्यात जास्त तापतं असं बहुतेकांना वाटतं, पण क्लास एबी या नेहमीच्या बनावटीच्या अॅम्प्लिफायरमध्ये तसं होत नाही, आणि या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. १००० वॅटचं मशीन साध्या साईन वेव्हवर पूर्ण १००० वॅट देत असताना हिशोबानं आत साधारण २७० वॅट उष्णता होते. तेच मशीन ४०० वॅट देत असताना मात्र आत जवळपास ४०० वॅट उष्णता होते, म्हणजे स्पीकरला जेवढं जातं तेवढंच हीटसिंकला, म्हणजे ट्रान्झिस्टर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांना. अगदी १२५ वॅटवर, म्हणजे आठव्या हिश्श्यावरसुद्धा, उष्णता सव्वातीनशे वॅटच्या आसपास असते, फुल पॉवरपेक्षा जास्तच. कारण सरळ आहे, आवाज मध्यम असताना सप्लायचं अर्धंअधिक व्होल्टेज ट्रान्झिस्टरवर पडून राहतं आणि करंटही भरपूर वाहत असतो. म्हणून खरी टेस्ट एक तृतीयांश पॉवरच्या आसपास, तासभर तरी, न थांबवता घ्यायची. अमेरिकेत १९७४ साली घरगुती अॅम्प्लिफायरच्या वॅटेजच्या जाहिरातींसाठी नियम आला, त्यातही मोजणीआधी मशीन एक तासभर एक तृतीयांश पॉवरवर तापवायची अट होती, नंतर ती आठव्या हिश्श्यावर आणली. क्लास डीची, म्हणजे ट्रान्झिस्टर झपाट्यानं चालू-बंद करणारी मशीनं नव्वद टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम असतात, त्यांच्यात हीटसिंकपेक्षा पॉवर सप्लायचा भाग आधी दमतो, तरी टेस्टची पद्धत फारशी बदलत नाही.

गाणं कुठलं लावायचं यावर बरंच अवलंबून असतं. गाण्याचा सगळ्यात मोठा ठोका आणि त्याची सरासरी यांच्यातला फरक डीबीमध्ये मोजतात, त्याला क्रेस्ट फॅक्टर म्हणतात. साईन वेव्हचा तो ३ डीबी, नीट रेकॉर्ड केलेल्या गाण्याचा साधारण १२ ते २० डीबी, आणि डॉल्बीवर वाजणाऱ्या दाबून काढलेल्या रिमिक्सचा कधीकधी ६ ते १० डीबीच. क्रेस्ट फॅक्टर १२ डीबी असलेलं गाणं क्लिपच्या, म्हणजे मशीनची मर्यादा संपून आवाज फाटायला लागल्याच्या, लाल लाईटला नुसतं टेकेपर्यंत वाढवलं तर सरासरी पॉवर बरोबर आठवा हिस्सा पडते, आणि रिमिक्स लाल लाईट लुकलुकेपर्यंत चढवला तर एक तृतीयांशाजवळ जाते. म्हणजे ज्या गाण्यात बेस सतत घुमत राहतो, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही, ते मशीन तापवायला उत्तम. हलगी किंवा ताशाचं रेकॉर्डिंग याच्या उलट, ठोके टोकदार आणि मध्ये मोकळी जागा, त्यावर मशीन फारसं तापत नाही पण सप्लायचे कपॅसिटर अचानक लागणारा करंट देतात का ते लगेच कळतं. दोन्ही लावावीत, एकावर भागत नाही. शेवटी नुसता तानपुरा आणि आवाज असलेलं गायन कमी व्हॉल्यूमला ऐकावं, हमिंग असेल किंवा बायसिंग (गाणं नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा ठरावीक थोडा करंट) बिघडून आवाजाला खरखर आली असेल तर ती दणदणाटात लपते, इथे नाही. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगाव जिल्ह्यातल्याच सुळेभावीचा, त्यांचं एखादं ध्वनिमुद्रण या कामाला घेतलं तर आणखी काय हवं.

गल्लीत तासभर बेस वाजवणं शक्य नसतं आणि योग्यही नसतं, म्हणून पहिली टेस्ट डमी लोडवर, म्हणजे स्पीकरऐवजी रेझिस्टन्स लावून करतात. तयार रेझिस्टर महाग पडतात, त्यावर उपाय म्हणजे पाणी तापवायचे हीटर रॉड. २३० व्होल्टला १५०० वॅटचा रॉड साधारण ३५ ओहमचा असतो, असे चार पॅरलल जोडले की पावणेनऊ ओहम, आठ जोडले की साडेचारच्या आत. रॉड पूर्ण बुडतील अशी पाण्याची बादली, आणि चालू असताना पाण्यात हात घालायचा नाही, मोठ्या मशीनच्या आऊटपुटला शंभर व्होल्टच्या आसपास असतात, ते जिवावर बेतू शकतं. या बादलीचा दुसरा फायदा फार कमी लोक घेतात. १५ लिटर पाणी तासात ७ अंशांनी चढलं तर सरासरी सव्वाशे वॅट गेले, २३ अंशांनी चढलं तर चारशे. बाहेर थोडी उष्णता जाते ती सोडली तर नुसत्या थर्मामीटरवर सरासरी पॉवर कळते, महागडा मीटर लागत नाही.

डमी लोडवर पास झालं म्हणजे काम झालं असं नाही. रॉड हा शुद्ध रेझिस्टन्स, स्पीकर मात्र उलटा धक्का देतो, त्याची कॉईल आणि कोन ऊर्जा साठवून परत ढकलतात, आणि अशा लोडवर ट्रान्झिस्टरवरचा ताण आणखी वाढतो. शिवाय ८ ओहम लिहिलेला स्पीकर काही फ्रिक्वेन्सीला ६.४ ओहमपर्यंत उतरलेला चालतो, तशी आंतरराष्ट्रीय मानकातच मुभा आहे, आणि डबल अठराच्या, म्हणजे १८ इंची दोन स्पीकरच्या, खोक्यात असे दोन पॅरलल असतात. म्हणून दुसरी टेस्ट खऱ्या बेसवर, पण आधी आऊटपुटला डीसी नाही ना हे मल्टिमीटरनं बघूनच. आऊटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन डीसी आला आणि प्रोटेक्शननं रिले तोडून स्पीकर वेगळा केला नाही, तर काही सेकंदांत कॉईल जळते.

दुरुस्त होऊन आलेल्या मशीनवर जास्त लक्ष ठेवावं. लोकल असेंबल मशीनमध्ये बहुतेक ५२०० आणि १९४३ ची जोडी असते, एकेक ट्रान्झिस्टर १५० वॅटचा आणि जंक्शनची, म्हणजे आतल्या चिपची, मर्यादा १५० अंश. ट्रान्झिस्टर बदलताना खाली माईका आणि पांढरी पेस्ट नीट बसली नाही, किंवा बायसिंगचा छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकला घट्ट लावायचा राहिला, तर मशीन तापलं की करंट वाढतो, करंट वाढला की आणखी तापतं, आणि हे चक्र थांबत नाही. पहिल्या अर्ध्या तासात काहीच दिसत नाही. गाणं बंद करून हीटसिंक चाचपावं, गाणं नसतानाही ते तापतच राहिलं तर "अजून तापूलालंय" म्हणत नुसतं बघत बसू नये, मशीन सरळ बंद करावं. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब, म्हणजे मशीनला जाणाऱ्या विजेच्या वाटेत फिलामेंटचा बल्ब, लावणं हा जुना रिवाज आहे आणि तो सोडू नये, बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगत राहिला तर आत शॉर्ट आहे.

इथल्या मशीनचा एक खास शत्रू म्हणजे गुलाल. फॅन हवेबरोबर तो आत ओढतो, ओलीमुळं तो हीटसिंकच्या पात्यांमध्ये लुकण होऊन बसतो, सौंदत्तीच्या किंवा चिंचलीच्या यात्रेला जाऊन आलेल्या मशीनमध्ये त्याच जागी भंडारा, म्हणजे उधळलेली हळद, सापडतो. वरून पुसलेलं मशीन स्वच्छ दिसतं, पण झाकण काढून बॅटरीच्या उजेडात बघितलं तर पात्यांच्या मध्ये गुलाबी थर दिसतो. टेस्टच्या आधी ब्लोअर मारून तो काढला नाही तर चांगलं मशीनही प्रोटेक्टला जातं आणि दोष उगाच दुरुस्ती करणाऱ्यावर जातो.

जमलं तर शेवटची टेस्ट ज्या जनरेटरवर सुपारी आहे त्याच्यावरच करावी. बेसच्या प्रत्येक ठोक्याला जनरेटर दबतो, व्होल्टेज दहा टक्के पडलं की साध्या ट्रान्सफॉर्मरच्या मशीनची पॉवर सुमारे एकोणीस टक्क्यांनी घटते, मग ऑपरेटर व्होल्यूम वाढवतो आणि मशीन क्लिपला जातं. अशानं आधी टॉपमधले ट्वीटर जातात, बेस नव्हे.

उघड्यावर आवाज काढून टेस्ट करायची तर २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम लागू होतात, वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डीबी, आणि रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, पण ती सणांसाठी असते, टेस्टसाठी नाही. बेसच्या भिंतीजवळ उभं राहणाऱ्या पोरांच्या कानांचंही बघायला हवं, ८५ डीबीला आठ तास चालतात पण १०० डीबीला पंधरा मिनिटांतच मर्यादा संपते, आणि टेस्ट तर तासभराची असते, त्यामुळं इअरमफ घातल्याशिवाय कुणाला जवळ थांबू देऊ नये.