धबधब्याची सरासरी

धबधब्याचे दोन फोटो शेजारी ठेवा. एकात थेंब न् थेंब हवेत थबकलेला, दुसऱ्यात सगळं पाणी रेशमी. वाद ठरलेला! ‘पाणी असं दिसतं का कधी?’ असं दुसऱ्या फोटोबद्दल विचारणारा एक जण तरी निघतोच. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. पाणी असं दिसत नाही. पण पहिल्या फोटोसारखंही ते उघड्या डोळ्यांना कधी दिसलेलं नाही.

डोळ्यांवर किती भरवसा ठेवायचा, याचा धडा ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ आर्थर वर्दिंग्टन यांना चांगलाच मिळाला होता. थेंब पडल्यावर उडणाऱ्या शिंतोड्यांचा आकार त्यांना हवा होता. अंधाऱ्या खोलीत थेंब पाडायचा, नेमक्या क्षणी विजेची ठिणगी पाडायची आणि त्या लखलखाटात जे दिसलं ते कागदावर उतरवायचं, असं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. चित्रं आली ती सुरेख, चहूबाजूंनी सारखी. १८९४ मध्ये त्यांना तेच क्षण फोटोत पकडता आले, तेव्हा दिसलं की शिंतोडे बहुतेक वेळा वेडेवाकडे, एका बाजूला कललेले असतात. अनेक थेंब पाहून डोळ्यांनी आणि मेंदूनं त्यांची परस्पर एक नीटस सरासरी काढली होती आणि हात तीच रेखाटत होता.

कॅमेराही सरासरी काढतो, फक्त उघडपणे. शटर उघडं असेपर्यंत सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल येईल तो प्रकाश साठवत जातो. समजा, काळ्या कातळावरच्या एका ठिकाणासमोर कधी पाण्याचा झोत येतो, कधी नुसता कातळ उघडा पडतो. अर्ध्या सेकंदात एकूण तीस टक्के वेळ पाणी समोर असेल, तर फोटोत तिथं तीस टक्के पांढरा पडदा दिसेल आणि त्यातून मागचा कातळ झिरपत राहील. म्हणजे रेशमी फोटोतली प्रत्येक करडी छटा ‘इथं पाणी किती वेळ होतं’ हे सांगते. त्याला धूसर म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तो एक नकाशा आहे.

द्रवगतिशास्त्रात हीच युक्ती ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८९५ मध्ये गणितात मांडली. खवळलेल्या प्रवाहाचा क्षणाक्षणाचा हिशेब ठेवणं अशक्यप्राय, म्हणून त्यांनी वेगाचे दोन भाग केले: सरासरी वेग आणि त्याभोवतीची चढउतार. अभियंते आजही पाइपांपासून विमानांच्या पंखांपर्यंत हीच फोड वापरतात. संथ शटर पहिला भाग दाखवतं, जलद शटर दुसरा.

ओढ्यात हे फार छान पाहता येतं. बुडालेल्या दगडाच्या मागे पाण्याची एक उसळी उभी असते. पाणी तिच्यातून सुसाट निघून जातं, पण उसळी जागची हलत नाही. दोन सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं ठेवलं की, आजूबाजूचे शिंतोडे पुसले जातात आणि ही उभी लाट मात्र ठसठशीत उरते. डोळ्यांना जो नुसता खळाळ वाटतो, त्याचा सांगाडा फोटोत दिसतो: कुठं जीभ गुळगुळीत उतरते, कुठं ती पायथ्याशी आपटून पांढरी होते, कुठून पाणी मागे वळतं. डोहात तरंगणारा फेस असेल तर आणखी मजा. पानापाचोळ्यातून विरघळलेली द्रव्यं बुडबुडे लवकर फुटू देत नाहीत, म्हणून हा फेस बराच वेळ टिकतो. तो सेकंदाला दहा सेंटिमीटर सरकत असला तर वीस सेकंदांत दोन मीटरची रेघ काढतो. आपण बसलो होतो तो डोह गोल फिरतोय, हे कित्येकदा फोटो पाहिल्यावरच कळतं.

आता नेहमीचा प्रश्न: शटर स्पीड किती ठेवायचा? ‘धबधब्याला पाव सेकंद’ असा तयार तोडगा सगळीकडे मिळतो. तो कधी लागू पडतो आणि कधी साफ फसतो, याचं कारण सोपं आहे. फोटोत रेघ किती लांब दिसणार, हे पाणी किती जोरात धावतंय आणि चौकटीत किती मीटरचा परिसर घेतलाय, या दोन्हींवर ठरतं.

दहा मीटर उंचीवरून मोकळं पडणारं पाणी खाली पोचताना सेकंदाला सुमारे १४ मीटर वेगानं येतं, म्हणजे ताशी पन्नास किलोमीटर. पाव सेकंदात ते साडेतीन मीटर जातं. उभ्या चौकटीत पंधरा मीटर उंचीचा भाग बसवला असेल, तर रेघ चौकटीच्या जवळजवळ पाव भागाएवढी. आता तोच कॅमेरा ओढ्याजवळ न्या. पाणी सेकंदाला दीड मीटर, चौकट दीड मीटर रुंदीची. पाव सेकंदात पाणी सदतीस सेंटिमीटर सरकतं, रेघ पुन्हा चौकटीच्या पाव भागाएवढीच! उलट त्याच धबधब्यापासून लांब जाऊन पंच्याहत्तर मीटरचा पट चौकटीत घेतला, तर पाव सेकंदाची रेघ विसाव्या भागाहून थोडी आखूड होते आणि पाणी बऱ्यापैकी खरबरीत दिसतं. माझ्या आवडीनं सांगायचं तर चौकटीच्या विसाव्या ते पाचव्या भागापर्यंतची रेघ चांगली. धारांचे पदर सुटे राहतात. त्यापुढे सगळा कापूस होतो. तो काहींना आवडतो, मला फारसा नाही.

थेंब गोठवायचे तर हाच हिशेब उलटा. पंधरा मीटरचा पट सहा हजार पिक्सेलवर पसरला की एक पिक्सेल म्हणजे अडीच मिलिमीटर. सेकंदाला १४ मीटर धावणारा थेंब एका पिक्सेलच्या आत थांबवायला १/५६०० सेकंद लागेल. १/१००० ला तो पाच-सहा पिक्सेल सरकतो, जे मोबाइलच्या पडद्यावर कुणाच्या लक्षातही येणार नाही. मोठी प्रिंट काढली तर येईल.

उंच धबधब्यांची गोष्ट मात्र वेगळी. शंभर मीटर पडलेलं पाणी, हवा नसती तर, ताशी १६० किलोमीटरनं आदळलं असतं. प्रत्यक्षात धार वाटेतच फुटते, तुकड्यांचे थेंब होतात, थेंबांचे तुषार. पावसाचा मोठ्यात मोठा थेंबही हवेच्या विरोधामुळे सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास अडकतो, तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा तुषार सेकंदाला पाव मीटरसुद्धा जेमतेम गाठतो. म्हणून बारीक धारेच्या उंच धबधब्याचा खालचा अर्धा भाग खरं म्हणजे वाऱ्यावर झुलणारं धुकं असतं आणि त्याला पाव सेकंद अगदीच अपुरा पडतो. तिथं एक-दोन सेकंद देऊन पाहा.

एवढा वेळ शटर उघडं ठेवायचं तर प्रकाश आवरावा लागतो. भर उन्हाचा जुना ठोकताळा असा: आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर एफ/१६ (लेन्सचं भोक; आकडा मोठा तितकं भोक लहान), शटर १/१०० सेकंद. म्हणजे पाव सेकंद हवा तर पंचवीसपट प्रकाश जास्त होतो. पहिला मोह होतो अ‍ॅपर्चर एफ/२२ पर्यंत बंद करायचा. पण भोक जितकं लहान तितका प्रकाश त्याच्या कडांमुळे जास्त पसरतो. एफ/२२ ला एका बिंदूची प्रतिमा सेन्सरवर सुमारे तीस मायक्रॉनची चकती होते आणि चोवीस मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरचा पिक्सेल असतो सहा मायक्रॉनचा. पाणी रेशमी होतं खरं, पण कातळावरचं शेवाळही त्याबरोबर मऊ पडतं. त्यापेक्षा एफ/८ ते एफ/११ वर राहून एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश अडवणारी करडी काच, लावावा. प्रकाश ६४ पटींनी कमी करणारा सहा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) एनडी असला तर एफ/११ ला भर उन्हातही १/३ सेकंद मिळतो. आणि सावली असेल, आभाळ असेल, झाडी दाट असेल, तर फिल्टरची गरजच पडत नाही. माझं मत विचाराल तर धबधब्यावर भर दुपारचं ऊन हा फोटोचा शत्रूच.

त्यामागं फेसाचा पांढरेपणा आहे. पाण्याला स्वतःचा पांढरा रंग नाही. हवा आणि पाणी जिथं भेटतात तिथं सरळ पडणाऱ्या प्रकाशातला फक्त दोन टक्के परततो. पण फेसात असे अगणित पृष्ठभाग एकामागोमाग असतात आणि बुडबुडे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असल्यामुळे सगळे रंग सारखेच विखुरतात. परिणाम पांढराशुभ्र. शेजारी ओला, काळाभोर कातळ. ऊन पडलं की दोन्हींचा तपशील एका एक्स्पोजरमध्ये मावणं कठीण. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक सगळ्या दृश्याला मध्यम करड्यावर आणू पाहतो, त्यामुळे चौकटीत कातळ जास्त असेल तर तो एक्स्पोजर वाढवतो आणि पाणी जळून सपाट पांढरं होतं. हिस्टोग्रामचं (फोटोतल्या उजेड-अंधाराच्या आलेखाचं) उजवं टोक भिंतीला चिकटलं तर एक्स्पोजर कमी करा. रॉ फाइलमध्ये (सेन्सरच्या प्रक्रिया न केलेल्या नोंदीत) कातळ नंतर उजळता येतो, जळालेला फेस परत आणता येत नाही.

पोलरायझरबद्दल, म्हणजे एकाच दिशेनं कंप पावणारा प्रकाश आत सोडणाऱ्या फिल्टरबद्दल, थोडं. डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ मध्ये दाखवलं, की ठरावीक कोनात परावर्तित प्रकाश पूर्ण ध्रुवीकृत होतो, म्हणजे त्याची कंपनं एकाच दिशेत होतात. पाण्यासाठी तुमची नजर पृष्ठभागाशी ३७ अंशांचा कोन करत असेल तेव्हा ही स्थिती येते. तेवढ्यावर उभं राहून फिल्टर फिरवला की डोहावरची चकाकी उतरते आणि तळाचे गोटे दिसू लागतात, ओल्या पानांचा हिरवा रंग वर येतो. फेसावर परिणाम जवळपास शून्य, कारण त्यातला प्रकाश असंख्य वेळा विखुरून आलेला असतो. शिवाय दीड-दोन स्टॉप प्रकाश आपोआप घटतो, तोही हवाच असतो. फक्त तुषारांत इंद्रधनुष्य उमटलं असेल तर सावध. त्याचा प्रकाश जवळजवळ पूर्ण ध्रुवीकृत असतो आणि ध्रुवीकरणाची दिशा कमानीबरोबर वळत जाते. फिल्टरच्या एका स्थितीत कमानीचा एखादा तुकडा झळाळतो, पाव फेरी फिरवलं की तोच तुकडा गायब! धनुष्य शोधायचं तर सूर्य पाठीशी घ्या आणि आपल्या डोक्याच्या सावलीपासून ४२ अंशांवर पाहा. सपाट जमिनीवर सूर्य ४२ अंशांच्या वर गेला की धनुष्य दिसत नाही. पण कड्यावरून खाली तुषारांकडे पाहताना ते दुपारीही सापडतं.

ट्रायपॉडचे पाय वाहत्या पाण्यात रोवू नयेत. प्रवाह त्यांना थरथरवतो. कातळावर, जमेल तितका खुजा उभा करा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. आणि फोटोच्या नादात एक गोष्ट विसरू नका: पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, वेग दुप्पट तर ढकल चौपट. डोक्यावर पाऊस नसला तरी वरच्या खोऱ्यात असू शकतो. निवळ पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला की आधी वर चढायचं, सामान नंतर.

मोबाइलवाल्यांनी हिरमुसायचं कारण नाही. त्यांच्या कॅमेऱ्याचं अ‍ॅपर्चर बहुधा बदलत नाही, पण सरासरी काढायला एकच लांब एक्स्पोजर लागतं असं कुठं आहे? पुष्कळ छोट्या फ्रेम घेऊन त्या एकमेकींवर रचल्या तरी तेच होतं. आयफोनच्या लाइव्ह फोटोमधला लाँग एक्स्पोजर २०१७ पासून हेच करतो. यात एक फायदा फुकटचा: सोळा फ्रेमची सरासरी काढली की सेन्सरचा ‘नॉइज’ (फोटोतले चुकार ठिपके) चौथ्या भागावर येतो. तोटा असा, की कडक उन्हात प्रत्येक फ्रेम १/१००० सेकंदाची असते आणि सेकंदाला तीस फ्रेम घेतल्या तर दोन फ्रेममध्ये जोरदार पाणी अर्धा मीटर पुढे निघून गेलेलं असतं. रेघ सलग न होता ठिपक्याठिपक्यांची होते. अधिक फ्रेम घ्या, किंवा सावलीत जा.

संगणकावर स्वतः फ्रेम रचणार असाल, तर सॉफ्टवेअर ‘मीन’ (सरासरी) की ‘मीडियन’ (किमती क्रमानं लावल्यावर मधली) असा पर्याय देतं. चौकटीत चालणारी माणसं पुसायला मीडियन उत्तम. पण वर सांगितलेला तो तीस टक्क्यांचा पडदा आठवा: ज्या पिक्सेलवर निम्म्याहून जास्त फ्रेममध्ये नुसता कातळ आहे, तिथं मीडियन कातळच निवडतो आणि पातळ धार फोटोतून नाहीशी होते. धबधब्यासाठी मीनच घ्या.