पडद्यावरचा मेकअप घरात आला तो पातळ होऊन

२०१६ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ऐश्वर्या राय बच्चन जांभळी लिपस्टिक लावून आली आणि त्या रंगावर भरपूर चर्चा झाली. पण असा ठसठशीत रंग रोज लावायचा कसा, हा प्रश्न आजचा नाही. त्याला जवळजवळ नव्वद वर्षांचा इतिहास आहे.

मुळात नट्यांचा मेकअप भडक झाला तो कॅमेऱ्यापायी. मूकपटांच्या काळातल्या फिल्मला लाल रंग जवळपास दिसतच नसे. लाल ओठ पडद्यावर काळे उमटत, चेहऱ्यावरचे डाग उठून दिसत. म्हणून जाड थर चढवावा लागे. पुढे टेक्निकलर, म्हणजे रंगीत चित्रपटांचं तंत्र, आलं आणि नवीच पंचाईत झाली. ग्रीसपेंट, म्हणजे नटांच्या चेहऱ्याला लावायचा तेलकट रंग, चमकायचं, आजूबाजूच्या कपड्यांचे रंग चेहऱ्यावर उतरायचे. त्यावर हॉलिवूडच्या मॅक्स फॅक्टर कंपनीने पॅनकेक काढला: डबीतली घट्ट वडी, ओला स्पंज फिरवून लावायची, वाळली की चमक गायब. १९३७ मध्ये पडद्यावर आलेल्या ‘व्होग्ज ऑफ १९३८’ या चित्रपटात तो वापरला गेला. सेटवरच्या बायका तो घरी नेऊ लागल्या, पण स्टुडिओच्या प्रखर दिव्यांसाठी बनवलेल्या छटा बाहेर फारच गडद दिसत. मग कंपनीने सर्वसामान्य गिऱ्हाइकांसाठी फिकट छटा आणल्या. मला या साऱ्या कथेत हाच टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो. नटीचा चेहरा जसाच्या तसा कुणाच्याच घरी आला नाही; आधी कुणीतरी तो हलका केला.

आपल्या रंगभूमीवर आणि लग्नघरांत ‘पॅनकेक’ हा शब्द तेव्हापासून मुरला तो मुरलाच. रोजच्या वापराला मात्र पावडर, कुंकू आणि घरचं काजळ. एरंडेलाच्या दिव्यावर ताटली उपडी धरायची, जमलेली काजळी तुपात खलायची. १९५२ मध्ये टाटा ऑइल मिल्सने लॅक्मे सुरू केली. परदेशी प्रसाधनांवर जाणारं परकीय चलन वाचवणं हा त्यामागचा एक हेतू होता. १९६१ मध्ये सिमोन टाटा संचालक मंडळावर आल्या आणि पुढे या कंपनीचा चेहरामोहरा त्यांनीच घडवला.

त्याच दशकात शर्मिला टागोर, साधना, मुमताज यांचं डोळ्याच्या कोपऱ्याबाहेर ओढलेलं आयलायनर गाजलं. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ते डोळे दिसत. समोरासमोर बोलताना एवढ्या लांब रेघेची गरजच नसते. पापणीच्या मुळाशी बारीक रेघ आणि बाहेरचं टोक तांदळाच्या दाण्याएवढं, इतकं पुरतं. ज्यांना एवढंही नको, त्यांच्यासाठी सत्तर-ऐंशीच्या दशकात स्मिता पाटील होतीच. मुंबई दूरदर्शनवर बातम्या देतानाही आणि पुढे चित्रपटांतही तिचा सावळा रंग लपवला गेला नाही, याचं मला आजही अप्रूप आहे.

एचडी कॅमेऱ्याने गणित उलटं फिरवलं. जाड थर आता त्यालाच खुपू लागला, म्हणून नट्यांचंही फाउंडेशन पातळ झालं. भडकपणा उरला तो काँटूरिंगमध्ये. रंगमंचावरची ही जुनी युक्ती २०१२ च्या सुमारास अमेरिकी टीव्ही तारका किम कार्दाशियनमुळे घरोघर पोहोचली. गालाखाली खोटी सावली रंगवायची, हे स्टुडिओच्या ठरावीक प्रकाशात छान दिसतं. दुपारच्या उन्हात तोच तपकिरी पट्टा मातीच्या डागासारखा वाटतो. रोजच्यासाठी थोडं ब्रॉन्झर, म्हणजे उन्हाने रापल्यासारखी छटा देणारं प्रसाधन, कपाळाच्या कडेला आणि गालांच्या उंचवट्यावर, जिथे ऊन खरंच लागतं तिथेच, बोटाने पुसटसं लावलं की झालं.