निचरा मंडळे, इंग्लंडमधील

सखल व पाणथळ प्रदेशातील पाण्याचा निचरा करण्यासाठी स्थापन झालेल्या इंग्लंडमधील स्थानिक सार्वजनिक संस्था. त्यांचे अधिकृत नाव ‘इंटर्नल ड्रेनेज बोर्ड’ असे आहे. त्या कौन्सिलच्या (निवडून आलेल्या स्थानिक परिषदेच्या) किंवा केंद्र सरकारच्या शाखा नाहीत. त्यांना स्वतःची हद्द, स्वतःचे सभासद आणि कर बसवण्याचा स्वतःचा अधिकार आहे. सध्या अशी सुमारे ११२ मंडळे असून त्यांच्या हद्दीत सुमारे १२ लाख हेक्टर, म्हणजे इंग्लंडच्या भूभागाचा जवळपास दहावा हिस्सा येतो. केंब्रिजशर, लिंकनशर व नॉरफोक या परगण्यांतील फेन्स प्रदेश, सॉमरसेटची सखल कुरणे, यॉर्कशरमधील हंबर नदीकाठ आणि केंटमधील रॉम्नी मार्श हे त्यांचे मुख्य मुलूख. नाले व चर साफ ठेवणे, झडपा आणि पंप चालवणे हे त्यांचे रोजचे काम आहे.

या कामाला कायमचा पैसा का लागतो, हे फेन्समध्ये सर्वांत स्पष्ट दिसते. तेथील जमीन पीट या कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची आहे. पाणी काढले की हा थर आक्रसतो, हवेशी संबंध येऊन झिजतो आणि जमीन खचते. होम फेन येथे १८५१ मध्ये जमिनीच्या पातळीपर्यंत ठोकलेला लोखंडी खांब आज सुमारे ४ मीटर उघडा पडला आहे. खचलेल्या शेतांतले पाणी उताराने नदीत जाऊ शकत नाही, कारण नदीच आता शेताच्या वर वाहते. आधी पवनचक्क्या, मग वाफेची इंजिने, पुढे डिझेल आणि आता वीज वापरून पाणी उपसून वर चढवावे लागते. जितका निचरा केला तितका पुढचा उपसा वाढला. म्हणून येथे निचऱ्याचा खर्च एकदाच करून संपत नाही. दरवर्षी पैसे उभे करण्याची तजवीज असल्याशिवाय या प्रदेशात शेतीच नव्हे, वस्तीसुद्धा टिकणार नाही.

ज्याच्या जमिनीला फायदा त्याने पैसे द्यावेत, हे तत्त्व फार जुने आहे. रॉम्नी मार्शमध्ये बांध राखण्याची वर्गणी ठरवणाऱ्या २४ पंचांना तिसऱ्या हेन्रीने १२५२ मध्ये सनद दिली. १५३१ च्या कायद्याने देशभरच्या निचरा आयुक्तांना लाभधारकांवर पट्टी बसवण्याचा अधिकार मिळाला. सतराव्या शतकात बेडफर्डचा अर्ल व त्याचे भागीदार यांनी डच अभियंता कोर्नेलिउस व्हर्मुय्डेन याच्याकरवी फेन्सचा मोठा भाग कोरडा केला. त्याच्या देखभालीसाठी १६६३ मध्ये बेडफर्ड लेव्हल कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि भागीदारांना मिळालेल्या जमिनीवर कर बसला. या विखुरलेल्या संस्थांना एका चौकटीत आणले ते १९३० च्या भूनिचरा कायद्याने. आजचा कारभार १९९१ च्या भूनिचरा कायद्यानुसार चालतो.

मंडळाचे उत्पन्न मुख्यतः दोन मार्गांनी येते. शेतजमीन कसणाऱ्याकडून मंडळ थेट निचरा पट्टी घेते. घरे, दुकाने, कारखाने यांच्या वाट्याची रक्कम मात्र विशेष आकारणी म्हणून त्या भागातील कौन्सिलकडून घेतली जाते आणि कौन्सिल ती आपल्या करांतून भागवते. दोन्ही रकमा दरवर्षी १५ फेब्रुवारीपूर्वी ठरवाव्या लागतात. याशिवाय मोठ्या बांधकामांसाठी सरकारी अनुदान, कर्ज, आणि नव्या वसाहतींमुळे नाल्यांत येणाऱ्या जादा पाण्यासाठी विकासकांकडून घेतलेली वर्गणी असे छोटे स्रोत आहेत.

विशेष आकारणी हे या व्यवस्थेतले सर्वांत नाजूक ठिकाण आहे. १९९० पर्यंत घरमालकालाही मंडळाची पट्टी वेगळी भरावी लागे. त्या वर्षी जुना घरपट्टीचा कायदा गेला आणि ही रक्कम कौन्सिलच्या करात मिसळली. तेव्हापासून बहुतेक रहिवाशांना आपण निचऱ्यासाठी पैसे देतो हेच ठाऊक नसते. शेती व बिगरशेती यांच्यातली वाटणीही त्या काळच्या मूल्यांकनाला बांधलेली राहिली, आणि नंतर उभ्या राहिलेल्या वसाहतींचा हिशेब त्यात नीट बसत नाही. भरीस भर म्हणजे कौन्सिलला दरवर्षी कर किती वाढवता येईल यावर मर्यादा आहे आणि आकारणी त्या मर्यादेतच मोजली जाते. २०२२ मध्ये विजेचे दर भडकले तेव्हा पंपांचा खर्च टाळणे शक्य नव्हते. बॉस्टन, साउथ हॉलंड, फेनलंड यांसारख्या छोट्या कौन्सिलांना करवाढीतून आलेला पैसा जवळपास सगळा निचऱ्याकडे वळवावा लागला. पुढे सरकारने अशा कौन्सिलांना तात्पुरती मदत दिली. २०२१ च्या पर्यावरण कायद्याने मूल्यांकनाची पद्धत बदलण्याची वाट मोकळी केली, पण मर्यादेचा पेच त्याने सुटत नाही. समुद्रसपाटीलगतच्या गरीब जिल्ह्याने देशाच्या अन्नधान्याच्या मुलखाचा उपसा आपल्या तुटपुंज्या करातून करावा, ही वाटणी न्याय्य म्हणता येत नाही.

मंडळावर दोन प्रकारचे सभासद असतात. पट्टी भरणारे शेतकरी दर तीन वर्षांनी आपले प्रतिनिधी निवडतात. मते जमिनीच्या मूल्यानुसार एकापासून दहापर्यंत असतात. उरलेले सभासद कौन्सिल नेमते. त्यांची संख्या आकारणीच्या प्रमाणात ठरते, पण ती निवडून आलेल्यांपेक्षा फार तर एकाने जास्त असू शकते. त्यामुळे कौन्सिलचा आर्थिक वाटा कितीही वाढला तरी मंडळात शेतकऱ्यांचा आवाज दबत नाही.

मोठ्या नद्यांची जबाबदारी मंडळांकडे नसून एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेकडे आहे. त्या कामांसाठी एजन्सी मंडळांकडून वर्गणी मागू शकते. उलट, हद्दीबाहेरच्या उंच भागातून मंडळाच्या नाल्यांत येणाऱ्या पाण्यासाठी एजन्सीने मंडळाला पैसे द्यायचे असतात. २०१३-१४ च्या हिवाळ्यात सॉमरसेटची कुरणे आठवडेच्या आठवडे पाण्याखाली राहिली, तेव्हा पॅरेट व टोन या नद्यांचा गाळ काढला नसल्याचा रोष एजन्सीवर आला. २०१५ मध्ये तेथे कौन्सिल, मंडळे व एजन्सी यांना एकत्र आणणारे सॉमरसेट रिव्हर्स ऑथॉरिटी स्थापन झाले.

कोकणातील खारभूमीचे बांध व उघाड्या (बांधातील पाणी सोडण्याची दारे) यांचे कामही याच जातीचे: खाडीचे पाणी रोखायचे आणि पावसाचे ओहोटीला बाहेर सोडायचे. त्यासाठी १९४८ चा मुंबई आणि नंतर १९७९ चा महाराष्ट्र असे खारजमीन कायदे झाले. मात्र सरकारी योजनांची देखभाल राज्याच्या खात्याकडे असते. इंग्लंडप्रमाणे पट्टी बसवणारे निवडून आलेले मंडळ तेथे नाही.

मंडळांच्या हिशेबांची बाह्य तपासणी होते व वार्षिक विवरण पर्यावरण खात्याला द्यावे लागते. छोटी मंडळे खर्च वाचवण्यासाठी अभियंते व कारकून सामाईक ठेवतात. वेल्समध्ये कॅल्डिकॉट व वेंटलूज मंडळाच्या कारभारावर लेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये कडक ताशेरे ओढले. २०१५ मध्ये ते मंडळ बंद होऊन त्याचे काम नॅचरल रिसोर्सेस वेल्स या सरकारी संस्थेकडे गेले.