बंदी वेगळी, नोंद नसणं वेगळं

१७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, तेव्हा आमच्याकडं सोयाबीनची सोंगणी चालू होती. संध्याकाळी शेजारच्या काकू ओट्यावर येऊन बसल्या. बाकीच्या बाया उठून जाईपर्यंत थांबल्या, मग मोबाइल पुढं करून हळूच म्हणाल्या, "गुर्जी, पोरीपोरीच्या लग्नावर सरकारनं बंदी केली म्हन्ते ना? माह्या पोरीले पोलिस धरतीन काय?"

त्यांची मुलगी पुण्याला नोकरी करते आणि काही वर्षांपासून दुसऱ्या एका मुलीसोबत संसार करते. संसार हा शब्द काकूंचाच. गावात दोन-तीन घरांपलीकडं हे कुणाला माहीत नाही. काकूंच्या हातातल्या बातमीवर मोठ्या अक्षरात 'समलिंगी विवाहाला नकार' असं लिहिलेलं होतं, आणि नकार म्हणजे बंदी, बंदी म्हणजे गुन्हा, गुन्हा म्हणजे पोलिस, असा सरळ अर्थ त्यांनी लावला होता. पारावर आणि व्हॉट्सॲपवर आजही बहुतेक लोक हाच अर्थ लावतात. म्हणून 'बंदी' आणि 'मान्यता नसणं' या दोन गोष्टी इथं शेजारी ठेवून बघतो. दोन्हीकडं लग्न रजिस्टरवर चढत नाही, त्यामुळं लांबून त्या सारख्याच दिसतात.

काकूंना मी सातबाऱ्याचं उदाहरण दिलं. एका वावराला वनखात्यानं कुंपण घातलं, 'प्रवेश बंद' म्हणून फलक लावला, आत गेलं की गुन्हा दाखल. ही बंदी. दुसरं वावर कुणी वर्षानुवर्षं मक्त्यानं नाहीतर बटईनं वाहतो. त्याला कुणी हटकत नाही. पेरतो, निंदतो, कापूस वेचून घरी आणतो. पण सातबाऱ्यावर त्याचं नाव नाही. म्हणून त्याला पीककर्ज मिळत नाही, गारपीट झाली तर मदत दुसऱ्याच्या खात्यात जाते. ही मान्यता नसणं. या दुसऱ्या अवस्थेचं दुःख विदर्भाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कर्त्या माणसानं जीव दिल्यावर जमीन नावावर नव्हती म्हणून 'अपात्र' ठरलेली घरं आपण पाहिली आहेत. माणूस खरा, कष्ट खरे, मरणही खरं, फक्त कागदावर नाव नव्हतं.

भारतात दोन पुरुषांचं किंवा दोन बायांचं लग्न या दुसऱ्या वावरासारखं आहे. देवळात जाऊन दोघींनी एकमेकींना हार घातला, मंगळसूत्र बांधलं, चार माणसांना जेवू घातलं, तर तो कोणत्याही कलमाखाली गुन्हा नाही. एका घरात राहणं गुन्हा नाही. लग्न लावणाऱ्या भटजीलाही शिक्षा नाही. फक्त ग्रामसेवकाच्या विवाह नोंदवहीत ते लग्न चढणार नाही, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालीही होणार नाही.

खरी बंदी कशी असते ते नायजेरियाच्या कायद्यात दिसतं. तिथं जानेवारी २०१४ मध्ये सही झालेल्या कायद्यानं असं लग्न करणाऱ्याला १४ वर्षं तुरुंगवास ठेवला, आणि लग्नाला साक्षीदार राहणाऱ्याला, मदत करणाऱ्याला १० वर्षं. म्हणजे लग्नाला जाऊन अक्षता टाकणारा मामाही आत.

अमेरिकेतली बंदी आणखी वेगळ्या तऱ्हेची होती. ती लोकांनी मतपेटीतून आणली. शिक्षा त्यात नव्हती, पण राज्याच्या घटनेतच लिहून टाकायचं की लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री. एकदा घटनेत गेलं की साध्या बहुमताचा कायदा किंवा त्या राज्याचं न्यायालय ते सहज बदलू शकत नाही. सातबाऱ्यावर नाव नाही एवढंच नाही, तर हे नाव यापुढं कधी चढवायचंच नाही, असा शेरा मारून ठेवल्यासारखं. नोव्हेंबर २००४ मध्ये एकाच दिवशी ११ राज्यांत असं मतदान झालं आणि अकराही ठिकाणी बंदी जिंकली. कॅलिफोर्नियाची गोष्ट जास्त जिव्हारी लागते. तिथं २००८ च्या मे महिन्यात राज्याच्या न्यायालयानं लग्नाची वाट मोकळी केली, जूनपासून लग्नं लागू लागली, सुमारे १८ हजार जोडप्यांनी लग्न केलं. आणि ४ नोव्हेंबरला, ओबामा निवडून आले त्याच मतदानात, तिथल्या ५२ टक्के मतदारांनी 'प्रस्ताव ८' मंजूर करून ती वाट बंद केली. आपल्याकडं जे अजून मिळालेलंच नाही, ते तिथं हातात येऊन परत गेलं. बंदी आणि मान्यता नसणं यातला फरक त्या पाच-सहा महिन्यांत सगळा दिसतो.

मतदानानं बंदी ही गोष्ट विदर्भाला काही परकी नाही. दारू दुकानासाठीची 'उभी बाटली, आडवी बाटली' इथल्या किती बायांनी अनुभवली आहे! गुप्त मतदान, उभ्या बाटलीवर शिक्का म्हणजे दुकान चालू, आडवीवर शिक्का म्हणजे बंद. आणि नियम असा की मत टाकायला आलेल्यांपैकी निम्म्या बाया पुरत नाहीत. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. त्या दिवशी जी कापूस वेचायला निघून गेली, तिचं न दिलेलं मतही दुकानाच्या बाजूनं पडतं. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात घटना बदलायचा नियम याच जातीचा आहे. मतदानाला आलेल्या माणसानं त्या प्रश्नापुढं काहीच खूण केली नाही, तर ते मत 'नाही' धरलं जातं. ६ नोव्हेंबर २०१२ ला तिथं समलिंगी विवाहबंदीचा प्रस्ताव मताला आला. त्याआधी ॲरिझोनानं २००६ मध्ये एकदा नाकारला, तेवढं सोडलं तर असे प्रस्ताव राज्यामागून राज्यात मंजूर होत गेले होते. ॲरिझोनानंही २००८ मध्ये मन बदललंच. मिनेसोटात मात्र बंदीला निम्मी मतं मिळाली नाहीत. बंदीच्या विरोधातल्या कार्यकर्त्यांनी तिथं हक्काची भाषणं कमी आणि गप्पा जास्त केल्या. फोनवर, दारात उभं राहून मतदाराला विचारलं, तुम्ही स्वतः लग्न का केलं होतं? लोक आठवून सांगू लागले: सोबत, शब्द, म्हातारपण. ज्यांच्यावर बंदी घालायची तेही याच कारणांसाठी लग्न मागतात, हे बोलता बोलता समोर यायचं. पुढच्याच वर्षी त्या राज्याच्या विधिमंडळानं लग्नाचा कायदा केला.

इथं मला दारूबंदी आणि विवाहबंदी यांच्यामध्ये एक रेघ ओढावीशी वाटते. आडव्या बाटलीवर शिक्का मारणारी बाई स्वतःच्या घरातली आग विझवायला आलेली असते. नवऱ्याच्या दारूचा मार तिनं खाल्लेला असतो, पोरांच्या फीचे पैसे दुकानात गेलेले असतात. तिचं मत तिच्या नुकसानीतून येतं. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये झालेली दारूबंदी २०२१ मध्ये उठली, तेव्हा त्यावर दोन्ही बाजूंनी तावातावानं बोलता येत होतं, कारण दोन्हीकडं मोजता येण्यासारखं काहीतरी होतं. पण पुण्यातल्या दोन मुलींच्या संसारानं आमच्या गावातल्या कुणाचं काय गेलं? कुणाच्या वावराचा धुरा सरकला नाही, कुणाची पाण्याची पाळी चुकली नाही. ज्याचं काही जात नाही, त्यानं दुसऱ्याच्या घरावर शिक्का मारावा, हे मला पटत नाही.

आणि मतं कधी विचारली यावरही बरंच असतं. अमेरिकेत १९५८ मध्ये गॅलप या संस्थेच्या पाहणीत गोऱ्या आणि काळ्या माणसांच्या आपसातल्या लग्नाला फक्त ४ टक्के लोकांची संमती होती. १९६७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते लग्न सगळीकडं कायदेशीर केलं. ४ टक्क्यांचे ५० होईपर्यंत थांबायचं ठरलं असतं, तर किती जोडपी वाट बघत मेली असती. आपल्याकडं १९५४ मध्ये विशेष विवाह कायदा आला, त्यानं जातीबाहेर, धर्माबाहेर लग्न करता येतं. तो प्रश्न तेव्हा विदर्भातल्या एखाद्या गावाच्या मताला टाकला असता, तर निकाल काय लागला असता ते आपण सगळे जाणतो. आजही आंतरजातीय लग्न केलेलं पोरगं-पोरगी गाव सोडून नागपूरला राहतात. कायदा पुढं असतो, गाव मागून येतं, कधी येतही नाही. पण कायद्यामुळं त्या पोरांच्या हातात निदान एक दाखला असतो.

समलिंगी विवाहाबद्दल अमेरिकेतलं मत त्या मानानं झपाट्यानं बदललं. गॅलपच्याच पाहणीत १९९६ मध्ये २७ टक्के लोक बाजूनं होते, २०२१ मध्ये ७०. मधल्या काळात, २६ जून २०१५ ला, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी देशभर मान्यता दिली आणि राज्यांच्या बंद्या निकामी झाल्या. ज्या कॅलिफोर्नियानं बंदी घातली, तिथल्याच मतदारांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनेतली ती जुनी ओळ ६० टक्क्यांहून जास्त मतांनी खोडून टाकली. भारतात प्यू या संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत ५३ टक्के लोक मान्यतेच्या बाजूनं आणि ४३ टक्के विरोधात होते. पारावर बसून हा आकडा खरा वाटत नाही. पण पारावर जे मोठ्यानं बोललं जातं ते, आणि काकूंनी हळू आवाजात विचारलं ते, ही दोन्ही मतंच आहेत.

आपल्याकडं या प्रश्नावर मतदान झालेलं नाही आणि राष्ट्रीय सार्वमताची तशी सोयही आपल्या घटनेत नाही. जे झालं ते न्यायालयात. आधी ६ सप्टेंबर २०१८: कलम ३७७ मधून दोन सज्ञान माणसांचा संमतीचा संबंध गुन्ह्याबाहेर काढला. तेव्हा गावात उलटीच बातमी पसरली होती की पोरापोराच्या लग्नाला परवानगी दिली. परवानगी वगैरे काही दिली नव्हती, वावरावरचं कुंपण काढलं होतं. मग २०२३: पाच न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की लग्न हा घटनेनं दिलेला मूलभूत हक्क नाही आणि विवाहाचा कायदा बदलणं संसदेचं काम आहे. अशा जोडप्यांच्या नात्याला लग्नाऐवजी दुसरी एखादी कायदेशीर ओळख मिळण्याचा हक्क आहे का, यावर मात्र ३ विरुद्ध २ असे मतभेद झाले आणि तिघांचं 'नाही' टिकलं. ट्रान्स व्यक्तीनं स्त्री-पुरुष म्हणून लग्न करायचं असेल तर आजच्या कायद्यांतही ते होतं, हे पाचही जणांनी मान्य केलं. ही ओळ बातम्यांत हरवली. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिका फेटाळल्या गेल्या. संसदेत सुप्रिया सुळे यांनी २०२२ मध्ये विशेष विवाह कायद्यात दुरुस्तीचं खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही.

आपला निकाल लागून दीड महिनाही झाला नव्हता, तेव्हा नेपाळमधल्या लमजुंग जिल्ह्यातल्या दोर्दी गावपालिकेनं कागदोपत्री दोघंही पुरुष असलेल्या एका जोडप्याचं लग्न नोंदलं. तारीख २९ नोव्हेंबर २०२३. कायदा पूर्ण बदललेला नव्हता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशावरून तात्पुरती नोंद झाली. डोंगरातली गावपालिका, म्हणजे आपली ग्रामपंचायतच म्हणा. मला या बातमीनं फार बरं वाटलं होतं.

बंदी नाही म्हटल्यावर काकूंचा जीव खाली पडला. पण नोंद नसण्याची झळ कमी आहे असं मी त्यांना सांगू शकलो नाही. वारसाहक्क नाही, पतीला-पत्नीला मिळते ती कुटुंब पेन्शन नाही, दोघींच्या नावानं मूल दत्तक घेता येत नाही. दवाखान्यात सहीच्या वेळी 'तुम्ही कोण?' हा प्रश्न येतो आणि 'मैत्रीण' हे उत्तर तिथं अपुरं पडतं.

थोडी सोय मात्र झाली आहे, आणि ती गावापर्यंत पोचलेली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या वित्तीय सेवा विभागानं स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कोणतीही अडचण नाही. अन्न विभागानं राज्यांना कळवलं की रेशन कार्डासाठी असे जोडीदार एकाच घरातले धरावेत. आरोग्य मंत्रालयानं लिहिलं की जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. त्याशिवाय मृत्युपत्र आहेच. स्वतः कमावलेली मालमत्ता कुणाच्याही नावानं लिहून ठेवता येते, त्याला रक्ताचं नातं लागत नाही. नॉमिनी केलं म्हणजे मालकी मिळाली असं होत नाही, म्हणून मृत्युपत्र करावंच आणि ते नोंदवावं. लग्नाच्या एका दाखल्यात जे आपोआप येतं, ते या पोरींना असं तुकड्या-तुकड्यानं जमा करावं लागतं.

मागच्या दिवाळीत मुलगी गावी आली. सोबत ती दुसरीही होती. काकूंनी शेजारपाजाऱ्यांना 'पोरीची मैतरीन' म्हणून सांगितलं आणि दोघींना एकाच पाटावर बसवून ओवाळलं. दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आल्या. "गुर्जी, ते राशन कार्डाचं अन् बँकेचं पत्र कोन्या खात्याचं हाय, तारीख काय, ते मले कागदावर लिहून द्या. पोरगी उद्या जाऊन राह्यली."

घरात कोरा कागद सापडेना. बाजार समितीची सोयाबीनची पावती होती, तिच्या पाठीमागं लिहून दिलं.