आधी मोटरचं वय विचारा

जुनं ब्रिटिश बनावटीचं, खेळण्यातल्या आगगाडीचं छोटं इंजिन हाती लागलं की हौशी माणसाचे हात पहिल्यांदा मोटरकडे वळतात. आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, बाहेर काढायचं, त्यावरचा तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर लख्ख पुसायचा, दांडा फिरतो त्या बुशमध्ये थेंबभर तेल सोडायचं आणि सगळं होतं तसं बसवायचं. एवढं निगुतीनं करूनही कधीकधी उलटंच होतं. आधी पाच डबे ओढणारं इंजिन आता दोन डब्यांवरच धापा टाकतं आणि दहा मिनिटांत चटके बसतील इतकं तापतं. मग कम्युटेटरला टेकून वीज पोचवणारे कार्बन, म्हणजे ब्रश, बदलले जातात, सोल्डर पुन्हा मारला जातो, पण दोष तिथे नसतोच. आर्मेचर बाहेर निघालं तेव्हाच मोटरचं चुंबक दुबळं झालेलं असतं.

या छंदात शिरणाऱ्याला परस्परविरोधी सल्ले मिळतात. एक म्हणतो मोटर दरवर्षी उघडून साफ करा, दुसरा म्हणतो उघडूच नका. एक तेल घालायला सांगतो, दुसरा तेलाची बाटली लपवून ठेवायला. दोघंही बरोबर असतात, फक्त त्यांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळ्या काळातल्या मोटरी असतात.

सुरुवात चावीच्या स्प्रिंगपासून झाली. जर्मनीतल्या ग्योपिंगेन गावच्या मार्कलिन कंपनीनं १८९१ मध्ये लायप्झिगच्या जत्रेत ठरावीक रुंदीच्या रुळांवरची चावीची आगगाडी मांडली, तेव्हा इंजिनाची दुरुस्ती हे घड्याळजीचं काम होतं. वीज आली ती चाचपडत. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीनं १९२५ मध्ये विजेवर चालणारं ‘मेट्रोपॉलिटन’ इंजिन काढलं, ते थेट घरातल्या १०० ते २५० व्होल्टच्या पुरवठ्यावर, मध्ये एक बल्ब जोडून. म्हणजे रुळांना हात लावणाऱ्या पोरात आणि भिंतीतल्या विजेत एका दिव्याचा आडोसा! ही व्यवस्था फार टिकली नाही. मग कमी दाबाच्या मोटरी आल्या आणि घरी बसून इंजिन उघडणं निदान जिवावर बेतेनासं झालं.

यापुढे दोन घराणी वेगळी झाली, आणि दुरुस्तीच्या बाबतीत हा फरक आजही पुसलेला नाही.

मार्कलिननं १९३५ मध्ये टेबलावर मावेल अशी लहान गाडी काढली, पण वीज आल्टरनेटिंगच (एसी) ठेवली. या मोटरीत कायमचं चुंबक नसतंच. बाहेरच्या लोखंडावर तारेची गुंडाळी असते आणि वीज वाहते तोवरच ती चुंबक बनते. आपल्या स्वयंपाकघरातला मिक्सर याच जातीच्या मोटरवर फिरतो. ‘मिक्सरचे कार्बन गेले’ हे वाक्य ज्या घरात कधी उच्चारलं गेलं आहे, त्या घराला मार्कलिनची दुरुस्ती अर्धी आधीच समजलेली असते. अशी मोटर कितीही वेळा उघडली तरी तिची ताकद उडून जात नाही. मात्र तिला दिशा बदलायला वेगळी सोय लागते. रुळांत क्षणभर २४ व्होल्टचा धक्का द्यायचा आणि इंजिनातल्या रिलेनं, म्हणजे विजेनं हलणाऱ्या स्विचनं, गुंडाळी बदलायची. त्यामुळे जुनं मार्कलिन इंजिन पुढे जातं पण मागे येत नाही, तेव्हा मोटरीऐवजी आधी हा रिले आणि त्याची स्प्रिंग बघावी लागते. जुन्या चपट्या कम्युटेटरच्या मोटरीत एक ब्रश कार्बनचा आणि दुसरा तांब्याच्या जाळीचा असतो, हेही लक्षात ठेवायचं. दोन्हीकडे कार्बन बसवून मोकळं होणारे बरेच जण असतात.

ब्रिटनमध्ये वाट निराळी निघाली. १९३८ मध्ये आलेल्या, मेकॅनोच्याच हॉर्नबी-डब्लो या छोट्या गाडीनं १२ व्होल्टची डायरेक्ट (डीसी) वीज आणि कायमचं चुंबक अशी जोडी घेतली. विजेची टोकं उलटी केली की गाडी उलटी, रिलेची कटकट नाही. हे परवडलं ते चुंबकाच्या पोलादात झालेल्या सुधारणेमुळे. जपानी धातुशास्त्रज्ञ तोकुशिची मिशिमा यांनी १९३१ मध्ये लोखंड, निकेल आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं चुंबक शोधलं. त्यात पुढे कोबाल्टची भर पडून जे कुटुंब तयार झालं त्याला अल्निको म्हणतात.

अल्निको जोरदार, पण स्वभावानं हळवं. त्याचं चुंबकत्व आर्मेचरच्या लोखंडातून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहत असतं. आर्मेचर काढलं की मध्ये नुसती हवा उरते, चुंबकाचं स्वतःचं क्षेत्र त्याच्यावरच उलटतं आणि ताकद उतरते. आर्मेचर परत घातलं तरी गेलेली ताकद परत येत नाही. म्हणून जुने जाणकार आर्मेचर काढतानाच त्याच्या जागी लोखंडाचा तुकडा सरकवत, किंवा दोन टोकांवर पट्टी टेकवून ठेवत. ज्यांनी हे केलं नाही त्यांना चुंबक पुन्हा भारून घ्यावं लागे. आता निओडिमियमची छोटी चुंबकं बसवूनही काम भागतं. ही चुंबकं १९८०च्या दशकातली. नेमक्या मापाचा तुकडा मिळाला तर म्हातारी मोटर नव्या नवरीसारखी उड्या मारते, कधी गरजेपेक्षा जास्तच.

१९५०च्या दशकात फिलिप्सनं फेराइट चुंबक आणलं. ते स्वस्त, आणि उघड्या हवेत ठेवलं तरी न रुसणारं. ‘दरवर्षी उघडा आणि साफ करा’ हा सल्ला निर्धास्तपणे देता येतो तो अशा चुंबकांच्या मोटरींबद्दल.

याच दशकात इंग्लंडमधल्या मार्गेटच्या ट्राय-अँग कंपनीची एक्स०४ ही मोटर घराघरांत पोचली. सांगाडा उघडा, सगळे भाग डोळ्यांना दिसणारे. तीन ध्रुवांचं आर्मेचर, दोन कार्बन, आणि दोघांना दाबून धरणारी एकच स्प्रिंग, चिमट्यासारखी. माझ्या मते दुरुस्ती शिकायला हिच्याइतकी चांगली शाळा नाही. कम्युटेटरच्या तीन पट्ट्यांमधल्या फटी दातकोरणीच्या टोकानं साफ करायच्या, सुईनं नाही, कारण सुईनं तांब्यावर ओरखडे उठतात. ‘एकच थेंब’ हा नियमही अशा उघड्या मोटरींनीच शिकवला. जास्तीचं तेल कम्युटेटरवर उडतं, कार्बनच्या भुकटीत मिसळतं, आणि तो काळा चिखल वीज वाहून नेतो. फटी त्यानं भरल्या की शॉर्ट झालाच.

या मोटरींवर एक छोटा कपॅसिटर दिसतो. तो कशासाठी, असं बरेच जण विचारतात. घरोघरी टीव्ही आले आणि ब्रशच्या ठिणग्यांमुळे शेजाऱ्याच्या पडद्यावर रेघा उमटू लागल्या, म्हणून तो आला. मोटरच्या चालीशी त्याचा संबंध नाही.

पुढची स्थित्यंतरं झपाट्यानं झाली. आर्मेचरभोवती कड्यासारखं चुंबक आलं, मग इटलीच्या लिमा कंपनीची तव्यासारखी चपटी मोटर आली. जपानमध्ये केनिची माबुची यांनी १९४७ पासून खेळण्यांसाठी छोट्या मोटरींचा जो व्यवसाय उभा केला, त्यातून बंद डब्याच्या कॅन मोटरींचा पूर आला. त्या स्वस्त, शांत आणि कमी वीज खाणाऱ्या. पण डबा कडेनं दुमडून बंद केलेला. ब्रश झिजले की मोटर फेकायची. इथे दुरुस्तीची जागा बदलीनं घेतली. गंमत म्हणजे लिमाच्या थकलेल्या मोटरींच्या जागी हौशी लोकांनी सर्रास बसवली ती भंगारातल्या सीडी ड्राइव्हची मोटर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात फिरणाऱ्याला ही युक्ती वेगळी शिकवावी लागत नाही.

कोअरलेस मोटर हा आणखी पुढचा टप्पा. तिच्या फिरत्या भागात लोखंड नसतं, फक्त तारेची टोपली. त्यामुळे अडखळ नाही, अगदी मुंगीच्या पावलांनीही गाडी सरकते. जर्मनीचे फ्रिट्झ फाउलहाबर आणि स्वित्झर्लंडची पोर्टएस्कॅप ही या क्षेत्रातली दोन ठळक नावं. पोर्टएस्कॅपची मुळं घड्याळाच्या धंद्यात आहेत, आणि आज तिचा एक कारखाना मुंबईत अंधेरीच्या सीप्झ या निर्यात वसाहतीत आहे. म्हणजे चावीच्या गाडीपासून सुटलेली गोष्ट पुन्हा घड्याळजीच्या बाकावर येऊन टेकली. या मोटरीच्या ब्रशवर तेल पडलं की ती संपली. तेलाची बाटली लपवायला सांगणारा बहुधा हिचाच मालक असतो.

१९९०च्या दशकात लेन्झ कंपनीच्या कामावर आधारलेली डिजिटल नियंत्रणाची डीसीसी पद्धत हौशी लघुरेल्वेवाल्यांच्या अमेरिकी संघटनेनं प्रमाण म्हणून स्वीकारली आणि जुन्या इंजिनांपुढे नवा पेच उभा राहिला. डीसीसीत मोटरची दोन्ही टोकं रुळांपासून तुटलेली हवीत. एक्स०४ मध्ये मात्र एक कार्बन थेट सांगाड्याला चिकटलेला असतो. स्प्रिंगच्या एका पायावर इन्सुलेशनची बारीक नळी असते, दुसरा पाय उघडा. दुसऱ्या पायावरही नळी चढवायची आणि त्या कार्बनसाठी वेगळी तार काढायची, एवढंच करायचं असतं. ते विसरलं की महागडा डीकोडर, म्हणजे इंजिनात बसवलेलं डिजिटल हुकूम वाचणारं सर्किट, पहिल्याच फेरीत धूर सोडतो. सुरुवातीच्या डीकोडरांचे संथ विजेचे ठोके कोअरलेस मोटरींना सोसत नसत, त्या तापत. आताचे वेगवान ठोके त्यांना चालतात.

मोटर ठणठणीत असूनही इंजिन चालत नाही, तेव्हा सांगाडा बघावा. १९२९ मध्ये न्यू जर्सी झिंक कंपनीनं शुद्ध जस्तापासून झामॅक हा ओतीव मिश्रधातू विकसित केला. अशा मिश्रधातूत ओतलेल्या सांगाड्यात शिशाचा अंश शिरला तर तो आतून फुगतो, तडकतो, आणि मोटर जागच्या जागी आवळली जाते. त्यावर इलाज नाही, सांगाडाच नवा शोधायचा.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचं लघुरेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथली १:८७ प्रमाणातली गाडी वळणावरून जाताना पाहून पोरं टाळ्या वाजवतात त्या मोटर कुठल्या जातीची आहे हे न विचारता. घरी कपाटातलं इंजिन काढणाऱ्यानं मात्र विचारावं. खालून बघितलं तर सांगाडा उघडा आहे की डबा बंद, एवढं अर्ध्या मिनिटात कळतं. उघडा असेल आणि चुंबक करड्या धातूची वीट, म्हणजे बहुधा अल्निको, दिसत असेल, तर स्क्रूला हात लावण्याआधी लोखंडाचा एक तुकडा शेजारी आणून ठेवा.