माठातलं पाणी किती गार होऊ शकतं?

उन्हाळा लागला की व्हॉट्सॲपवर माठपुराण सुरू होतं. मातीतच म्हणे थंडावा असतो, शिवाय पित्त शमतं, वगैरे. पित्ताचं वैद्य बघून घेतील. पण थंडावा मातीत असता, तर रिकामा, कोरडा माठही खोलीपेक्षा गार राहिला असता. थर्मामीटर लावून बघा, तो खोलीइतकाच तापलेला असतो.

शाळेत शिकलेलं आठवा: उष्णता गरमाकडून गाराकडे जाते आणि तापमान सारखं झालं की थांबते. मग ४२ अंशांच्या खोलीत पाणी २६-२७ अंशांवर टिकतं कसं?

माठ पाझरतो. बाहेरच्या ओलसर भिंतीवरून पाणी उडतं आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता भिंतीतून, म्हणजे शेवटी आतल्या पाण्यातून घेतं. ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी! या हिशेबाने दहा लिटरांच्या माठातलं पेलाभर, साधारण १७० ग्रॅम पाणी उडालं की बाकीचं १० अंशांनी उतरायला हवं. प्रत्यक्षात जास्त उडावं लागतं, कारण हवेतली उष्णता सतत आत शिरत असते. पाणी गार होईल तसा हा शिरकाव वाढतो, उलट बाष्पीभवन मंदावतं. आवक-जावक जिथे जुळते तिथे पारा अडतो. हा औष्णिक समतोल नव्हे, चालू खर्चावर टिकलेली स्थिर अवस्था आहे. माठाला प्लास्टिक गुंडाळलं की खर्च बंद, आणि पाणी हळूहळू खोलीच्या तापमानाला येतं.

पारा किती खाली जाईल, हे हवेच्या कोरडेपणावर ठरतं. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की जे तापमान दिसतं, ती माठाची खालची हद्द. नागपूरकडे ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर ही हद्द २३-२४ अंशांवर येते. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर ती २८ च्या आसपासच अडते. माठ त्याच्याही थोडा वरच राहतो. म्हणून मुंबईकराने कुंभाराला बोल लावू नये.

ऑइलपेंटने रंगवलेला माठ मात्र घेऊ नका, त्याची छिद्रं बुजलेली असतात. जड पाण्यातले क्षार साचून जुना माठही असाच निकामी होतो. कूलरचंही गणित हेच: खिडक्या लावून तो चालवला की खोलीतली हवा दमट होते, आणि तासाभरात नुसता ओला वारा अंगावर येतो.